काका बालगटात कसे गेले, आणि यूएक्सचे बाकी प्रश्न

मागच्या अंकात यूएक्सवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. इंदूरकरांना खाण्याशिवाय दुसऱ्याही विषयात रस आहे म्हणायचा! ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते. यूएक्स म्हणजे युजर एक्सपिरियन्स, एखादी वस्तू किंवा ॲप वापरताना आपल्याला जे जे वाटतं ते सगळं, आणि युजेबिलिटी हा त्यातलाच एक तुकडा, म्हणजे काम होतं का, किती खटपटीत होतं आणि झाल्यावर माणूस चिडलेला असतो का खूश असतो. आता पत्रं.

ताई, मी बी.कॉम. झालेय, वय २३, सुदामा नगरला राहते. मला यूएक्स डिझाइन शिकायचंय पण माझी चित्रकला अगदीच यथातथा आहे. एका क्लासवाल्यांनी चार महिन्यांचे साठ हजार सांगितलेत, त्यात फिग्मा नावाचं स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर शिकवणार म्हणे. बाबा म्हणतात आधी विचार कर. भरू का पैसे?

बाबांचं ऐक. क्लास वाईटच असेल असं मी म्हणत नाहीये, पण फिग्मा शिकणं म्हणजे यूएक्स शिकणं नाही, टायपिंग आलं म्हणून कोणी बातमीदार होतं का? फिग्माचं फुकटातलं अकाउंट उघड, पंधरा दिवस रोज तासभर बस, चौकोन काढ, बटन काढ, एक स्क्रीन दुसरीला जोड, तेवढं येईल. चित्रकलेची काळजी सोड, मी काढलेली मांजर अजूनही भोपळ्यासारखी दिसते.

खरं शिकायचं ते वेगळंच आहे आणि ते शिकायला मला स्वतःची चांगलीच फजिती करून घ्यावी लागली. पुण्यातली नोकरी सोडून मी इंदूरला परत आले त्याच वर्षी आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात गाण्याच्या स्पर्धेची नावनोंदणी मोबाइलवर घ्यायची ठरली आणि फॉर्म करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, सात वर्षं हेच तर करत होते. छान फॉर्म केला, रंग छान, फाँट छान, जन्मतारखेला मस्त कॅलेंडर उघडायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी यादी छापून आली तर त्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका बालगटात. वय शून्य वर्षं! अख्खी कॉलनी हसली, काकाही हसले, मी सोडून.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, परत भरून दाखवा ना जरा, मी काही बोलणार नाही. काकांनी चष्मा लावला, नाव लिहिलं, जन्मतारखेवर बोट ठेवलं, कॅलेंडर उघडलं, आजची तारीख. डावीकडे एक बारीकसा बाण, तो दाबला की एक महिना मागे. काकांनी दाबला, परत दाबला, सात-आठ वेळा दाबला, मग बोट तसंच हवेत थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्म १९५१ चा. म्हणजे साडेआठशेच्या वर वेळा तो बाण दाबायचा होता! वर जो साल लिहिलेला होता त्यावर टॅप केलं की सालांची यादी उघडते हे मला माहीत होतं, कारण ते मीच बसवलं होतं. त्यांना कसं माहीत असणार? तो आकडा बटनासारखा दिसतच नव्हता. मग त्यांनी काय केलं, आजचीच तारीख ठेवून ओके केलं, आणि माझ्या फॉर्मने एका शब्दानं न विचारता ते घेतलं.

बघ, या दोन मिनिटांत यूएक्सचा अर्धा अभ्यासक्रम आहे. जे दाबता येतं ते दाबण्यासारखं दिसायला हवं. चूक होऊच नये अशी आधीच सोय हवी, आज जन्मलेला माणूस भजन कसं म्हणेल हे फॉर्मनं विचारायला हवं होतं. आणि पाठ असलेली तारीख शोधायला लावायचीच नाही, लिहू द्यायची. दिवस, महिना, साल असे तीन साधे चौकोन. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये जन्मतारखेला अगदी हेच सांगितलंय, आणि मी मात्र कॅलेंडर सुंदर दिसतं म्हणून लावून मोकळी झाले होते.

हे नियम कोणीतरी मांडून ठेवलेत का, तर हो. याकोब निल्सन नावाच्या माणसानं रोल्फ मोलिखबरोबर १९९० मध्ये अशी तपासणीची पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये ती घासूनपुसून दहा तत्त्वं केली, ती आजही जगभर वापरतात आणि नेटवर फुकट वाचायला मिळतात. पण घोकू नकोस. रोज एक तत्त्व घे आणि इंदूरमध्ये हिंडताना ते शोध. पहिलं तत्त्व म्हणजे काय चाललंय ते माणसाला कळत राहायला हवं. हे बघायचं तर पोहेवाल्याच्या ठेल्यावर जा. त्याचा एक हात कढईत, दुसरा जिरावन मसाल्याच्या डब्यात, त्याला फोन बघायला वेळच नाही, पण पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डबीतून आवाज येतो की वीस रुपये आले आणि तो मान हलवतो, तुम्ही पुढे व्हा. स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र आणि ती बोलणारी डबी, दोन्हींतला फरक ज्याला कळला त्याला पहिलं तत्त्व कळलं.

किंवा आपली कचरागाडी घे. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिलं आलं त्याचं श्रेय सगळे शिस्तीला देतात, मी थोडं डिझाइनलाही देते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असा सहा प्रकारचा कचरा वेगळा करायचा म्हणजे काही सोपं काम नाही, पण गाडीलाच खण वेगळे आहेत, त्यामुळे कुठे टाकायचं ते गाडी बघूनच कळतं, गाणं वाजतं म्हणजे गाडी आली हे स्वयंपाकघरात कळतं, आणि ओल्यात प्लास्टिक दिसलं की गाडीवरचा भैया तिथल्या तिथे पिशवी परत देतो. चूक केल्याक्षणी कळली की माणूस शिकतो, महिन्यानं नोटीस आली की भांडतो. माझ्या फॉर्ममध्ये तो भैया नव्हता, एवढंच.

तर साठ हजार ठेव बाजूला. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिकवण्यांवर ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनचे, म्हणजे माणूस आणि कॉम्प्युटर यांचं कसं जमतं याचे, कोर्स आहेत, बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच थोडी फी. आणि पुढे पदवी घ्यावीशी वाटलीच तर सीईईडी नावाची परीक्षा आहे, आयआयटी मुंबई घेते, परीक्षेला तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते म्हणजे तुझी बी.कॉम. पण चालेल, त्यावर आयआयटी मुंबईच्या आयडीसीसारख्या डिझाइन विभागात एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स, करता येते, फक्त प्रवेशाच्या अटी प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या असतात, त्या आधी बघून घे. आयडीसी पवईला १९६९ पासून आहे, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था तर १९६१ पासून. आपल्याकडे हे सगळं मोबाइल आल्यावर सुरू झालं असं लोकांना उगाच वाटतं.

पण हे सगळं नंतर. या आठवड्यात घरातल्या कोणा एकाला विजेचं बिल भरताना बघ, तोंडावर बोट ठेवून. "अगं आई तिथे नाही, वर, वर!" असं ओरडायची प्रचंड इच्छा होईल. ओरडायचं नाही. बोट कुठे थांबलं ते वहीत लिहायचं. कॉमर्सची आहेस ना, जमा-खर्च लिहायची सवय असेलच.

मी ६८ वर्षांची आहे. नातू म्हणतो आजी तुला फोन जमतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये मी दर वेळी चुकीच्या जागी जाते, पुसट अक्षरं दिसत नाहीत, बोट एकीकडे ठेवलं की दुसरंच काहीतरी उघडतं. आमच्या पिढीचा दोष म्हणायचा का?

काकू, तुमच्या घरी तीन बर्नरची शेगडी आहे ना? कधी दुधाखालचा गॅस बारीक करायला गेलात आणि भाजीखालचा झाला असं होतं का? मला खात्री आहे होतं, माझ्या आईचं चाळीस वर्षं होतंय आणि तिच्या हातचा स्वयंपाक जेवलेला कोणीही तिला स्वयंपाक जमत नाही म्हणणार नाही. बर्नर एका आकारात मांडलेत आणि बटणं एका सरळ रेषेत, कुठलं बटण कुणाचं ते नुसतं बघून कळत नाही, दोष शेगडीचा आहे. डॉन नॉर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंवर एक अख्खं पुस्तक लिहिलं त्यात शेगडीही आहे आणि दरवाजेही, ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली की शहाणा माणूसही ओढतच बसतो. अशा दारांना आता लोक नॉर्मन दार म्हणतात, बिचाऱ्याचं नाव दारांना लागलं. हेच नॉर्मन पुढे १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये गेले आणि यूएक्स हा शब्द त्यांच्यामुळेच चालता झाला.

तुमच्या बोटाचंही तसंच. लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका नेम धरायला वेळ लागतो हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच गणितात मांडून ठेवलंय. ॲपल सांगतं बटन निदान ४४ पॉइंटचं ठेवा, अँड्रॉइडवर गूगल ४८ डीपी सांगतं, ही दोघांची स्क्रीनवरची मापं, गूगलच्या हिशोबात ४८ म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. आणि पुसट अक्षरांसाठी तर आंतरराष्ट्रीय निकष आहे, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असा फरक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहिणारे तरुण डिझायनर तो पाळत नाहीत कारण त्यांचे डोळे पंचविशीचे आणि स्क्रीन महागाची.

तोवर एक करा, फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून घ्या, नातवालाच करायला लावा. आणि त्याला ही शेगडीची गोष्ट सांगा.

नमस्कार. मल्हारगंजला आमचं नमकीनचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मुलाने हौसेने वेबसाइट करून घेतली. लोक येतात, वस्तू निवडतात आणि मग सोडून देतात, त्यातले निम्मे नंतर फोन करून ऑर्डर देतात. करणारा म्हणतो नवीन डिझाइन करा, अजून पैसे लागतील. खरंच लागतील का?

दादा, तुम्ही पत्ता दिला म्हणून मी स्वतः जाऊन बघितलं, पुण्याच्या बहिणीला लवंग सेव पाठवायची असं ठरवून. सेव कुठे? वर लिहिलंय "फ्राइड", "रोस्टेड", "असॉर्टेड". मी तळलेलं-भाजलेलं असा विचार करून दुकानात कधी येते का हो? दुकानात मी म्हणते तिखट काय आहे, किंवा उपवासाचं काय आहे, किंवा प्रवासात टिकेल असं काय. बरं, सापडली एकदाची, तर आधी खातं उघडा, पासवर्ड ठेवा, त्यात एक कॅपिटल अक्षर हवं, एक चिन्ह हवं. अर्धा किलो सेवेला! तेही केलं. मग शेवटच्या पानावर कळलं की पाठवायचे एकशेवीस रुपये वेगळे. तिथे मीही सोडून दिलं आणि खरं सांगते, फोनच केला, तुमच्या मुलानं उचलला, पाच मिनिटांत काम झालं.

म्हणजे फोनवर जे होतं ते वेबसाइटवर होत नाहीये. सगळ्यात आधी नवीन काही करू नका. एका दुपारी दुकानात गर्दी नसताना वीस-पंचवीस चिठ्ठ्या करा, एकेकीवर एक माल, रतलामी, लसूण, फराळी मिक्श्चर, जे असेल ते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि सांगा, ह्या तुम्हाला पटतील तशा ढिगांत लावा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या. कार्ड सॉर्टिंग म्हणतात याला, मोठ्या कंपन्यांतही असंच कागदाचे तुकडे घेऊन करतात. ढिगांना जी नावं लोक देतील ती वेबसाइटवर वर लिहा, करणाऱ्याची नावं काढून टाका.

मग पाच जणांना फोनवर साइट उघडून द्या, एकेकाला वेगवेगळं, घोळक्यात नाही. सांगताना "सेवच्या बटनावर दाबा, मग कार्टमध्ये टाका" असं म्हटलंत तर सगळं फुकट, उत्तर तुम्हीच दिलंत. म्हणायचं, बहिणीला दिवाळीला दोन किलो काहीतरी तिखट पाठवायचंय, पाठवा, आणि मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. आणि मग गप्प. गिऱ्हाईक विचारेल "इथे दाबू का?", तर उलट विचारा "तुम्हाला काय वाटतं?" दुकानदाराला गप्प बसणं किती अवघड असतं ते मला माहितीये, पण एक दुपार कळ काढा.

पाचच का? निल्सन यांच्या हिशोबात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, दुसऱ्याकडून बऱ्याचशा त्याच आणि थोड्या नवीन, असं करत पाचापर्यंत साधारण ८५ टक्के होतात. सहाव्यापासून तेच तेच ऐकू येतं. त्यापेक्षा पाचांवर थांबायचं, सापडलेलं दुरुस्त करायचं आणि मग नवीन पाच आणायचे. फक्त पाचही जण एकाच तऱ्हेचे हवेत. तुमचं पेठेतलं रोजचं गिऱ्हाईक आणि अमेरिकेतून घरच्यांसाठी मागवणारा मुलगा यांची अडचण एक नाही, त्यांचे पाच वेगळे.

हे न करताही दोन गोष्टी तर आजच सांगून करून घ्या, खातं न उघडता ऑर्डर देता आली पाहिजे आणि पाठवणावळ पहिल्याच पानावर दिसली पाहिजे. मला वाटतं निम्मं दुखणं तिथेच आहे, उरलेलं ते पाच जण सांगतील.

मी विजय नगरला एका छोट्या कंपनीत ज्युनिअर डिझायनर आहे. युजरशी बोलू म्हटलं की साहेब म्हणतात वेळ नाही, लोगो मोठा कर. काय करू?

लोगो मोठा कर, भिया. चेष्टा नाही, त्यावर वाद घालू नकोस, आवडीनिवडीवरच्या वादात साहेबच जिंकतात. त्याऐवजी एका माणसाला तुमचं ॲप वापरताना त्याची परवानगी घेऊन रेकॉर्ड कर आणि तो जिथे अडकतो ते दीड मिनिट साहेबांना दाखव, सोबत काही बोलू नकोस. माझ्या आधीच्या नोकरीत वर्षभराच्या मीटिंगनं जे झालं नाही ते असल्या एका क्लिपनं झालंय. आकडाच हवा असेल त्यांना तर एसयूएस, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणून दहा वाक्यांची प्रश्नावली आहे, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली, पाच मिनिटांत भरून होते, शंभरपैकी गुण येतात. फक्त ६८ आले तर ते ६८ टक्के नव्हेत, तिथे सरासरीच ६८ च्या आसपास असते, म्हणजे आपण मधल्या बाकावर. हे आधी सांगून ठेव, नाहीतर साहेब फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटतील.

आमच्या मंडळाचं ॲप मराठीत केलं तर अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालच्या ओळीत घुसतात. इंग्रजीत नीट दिसतं. आणि एक जण म्हणाला अक्षर "हिंदी वाटतं". म्हणजे काय?

किती छान प्रश्न, याच्यावर आख्खा अंक लिहीन! इंग्रजीत अक्षर एका पट्टीत बसतं, आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दोन मजली इमारत असते, त्यामुळे इंग्रजी धरून ठेवलेली ओळीची उंची पुरत नाही. मी मराठीला सुरुवातच अक्षराच्या १.६ पटीनं करते आणि बटनाला ठराविक उंची देत नाही, आतल्या मजकुराप्रमाणे वाढू देते. तपासताना "नमस्कार" लिहून बघू नका, तो सगळीकडे नीटच दिसतो. "मूर्तींना" लिहा, "कर्तृत्व" लिहा, "शत्रूंचा" लिहा, वरचं-खालचं सगळं एकदम कळेल. आणि "दुसऱ्या" लिहा, त्यातला र नीट येतो का बघा, आपल्याखेरीज तो फार कोणाला लागत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी तो फुटतो.

हिंदी का वाटतं, तर ल आणि श मुळे. मराठी छापाचे ल आणि श वेगळ्या वळणाचे, हिंदीचे वेगळे, आणि पुष्कळ फाँटमध्ये दोन्ही असतात पण फाँटला सांगावं लागतं की हा मजकूर मराठी आहे. तुमचं ॲप करणाऱ्यानं बहुतेक भाषेच्या खुणेत हिंदी ठेवली असेल किंवा काहीच ठेवलं नसेल, तिथे मराठीची खूण घालायला सांगा, "एमआर", दोनच अक्षरं, आणि ज्यात मराठी वळण आहे असा फाँट घ्या. इंदूरला राहून आपली मराठी बोलताना हिंदी वळणाची होतेच, ते मी पण करते, पण ल तरी आपला ठेवू या. जमलं की मंडळाच्या नावाचा स्क्रीनशॉट पाठवा मला, नावात ल आहे तुमच्या.